शिट्टी येईपर्यंत

जामनेर रोडच्या माझ्या टपरीत
सुपडू तायडे आले, तेव्हा फोन
सदऱ्याच्या खिशात पेटलेलाच होता.
वायलच्या कापडातून पांढरा गोळा, छातीवर.

"बिघडला," म्हणाले. "रात्री आपोआप लागते याचा लाइट,
आपोआप इझते. मले झोप नही."

मी फोन काचेवर ठेवला.
काचेवर तो शहाण्यासारखा पडून राहिला.
पुन्हा त्यांच्या हातात दिला,
पेटला.

फोनमध्ये खोट नव्हती. एकच गोष्ट सापडली :
चार्जिंगच्या भोकात कसलंतरी पीठ.
चिमट्यानं काढलं, बोटावर घेऊन बघितलं.
कळण्याचं. उडदाचा वास येत होता.

कंपनीनं त्याला शिकवून पाठवलंय,
दोनदा झटकलं की दिवा लाव.
तो बिचारा झटका मोजतो.
हात हलवला की हात हलला,
हा फरक मराठीच्या व्याकरणात आहे,
फोनमध्ये नाही.

हे त्यांना सांगायचं कसं?
त्यांचा उजवा हात मांडीवर होता,
डाव्या हातानं दाबून धरलेला,
बाजारात विकायला आणलेल्या कोंबडीसारखा.

मग तेच बोलायला लागले.
एकतीस वर्षं भुसावळच्या यार्डात शंटिंगला.
पन्नास डबे या हाताकडे बघून सरकायचे,
दिवा सावकाश वर-खाली केला की पुढे,
आडवा नेला की मागे.
"अन् लाल दिवा जवळ नसला, पोरी,
तं कोणताही दिवा घ्यायचा.
आडवा, जोरजोरात हालवायचा.
पांढरा असो का पिवळा,
ड्रायव्हर थांबलाच पायजे."

थोडा वेळ गेला. मी स्क्रू गोळा करत होते.

"माह्या खिडकीतून लाइन दिसते.
मंग लाइनवरून खिडकी बी दिसत असंन ना?"

तेव्हा पिठाचा उलगडा झाला.
रोज रात्री, बायको निजल्यावर,
हा माणूस आपला फोन
पिठाच्या डब्यात खोल पुरून
झाकण लावतो,
आणि नागपूरकडे जाणाऱ्या मालगाड्या
न थांबता जाताना ऐकतो.

मी सेटिंग उघडलं.
झटकून लागणारा दिवा बंद केला.
उचलला की जागा होणारा पडदा, तोही.
कानाशी नेताच फोन घेण्याची सोय
मी त्यांना न विचारताच काढली;
त्या हाताला कानापर्यंतची वाट
दरवेळी नव्यानं शोधावी लागते.

मग तळाशी, कुणी सहसा जात नाही तिथं,
एक पट्टी असते :
बोट किती वेळ टेकलं तर खरं धरायचं?
पाव सेकंद. अर्धा.
"एक कर," म्हणाले.
"एक फार होतो अण्णा, वैतागाल."
"इंजिनाची शिट्टी येईपर्यंत हात खाली घेत नसे मी.
कधी पाच मिन्टं.
थंडीत, जानेवारीत.
एकानं काय होते?"

एक केला.

मुलीचं नाव वरच होतं, चोपड्याची.
बोट नावावर टेकलं, घसरलं.
फोन गप्प.
टेकलं, थरथरून शेजारच्या
गॅस एजन्सीवर गेलं.
फोन गप्प.
माझा हात मदतीला निघाला होता,
मी तो खिशात घातला.
मग कधीतरी बोट टेकलं आणि राहिलं.
एक पूर्ण सेकंद.
फोन तळहातात बारीकसा घुरघुरला.

"शिट्टी," म्हणाले ते.

पैसे मी घेतले. वीस.
नको म्हटलं असतं तर त्यांना ते लागलं असतं.

रस्त्यापलीकडे जाऊन ते वळले,
हात वर केला.
हात हलत होता, तसा तो हलतच असतो,
म्हणून मी नुसती बघत राहिले.
रिक्षा गेली, मग केळीचा टेम्पो.
हात अजून वरच.

"अवं, हा मी हालवला!"
पलीकडून ओरडले.